अकराच्या पायऱ्या

प्लेटवर आठ आकडे होते. पोलादी खिळ्यासारख्या पंचावर हातोडीचा एक ठोका, की एक आकडा. ही गोष्टही तशीच ठोक्याठोक्यानं सांगायला हवी, कारण त्या आठवड्यात क्रांती रागानं इतकी पेटली होती की सलग बोलणं तिला जमतच नव्हतं.

2

आरोपपत्र दोन पानांचं होतं. क्रांती ऐरोलीच्या ऑफिसातून कोपरखैरण्याला घरी आली तेव्हा ते टीव्हीपुढं पडलं होतं, वर बापाचा चष्मा ठेवलेला. चपला न काढता तिनं ते दारातच उभ्यानं वाचलं. गंगाराम, तिचा बाप, पावण्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं हवेच्या टाक्यांच्या पितळी प्लेटवर नंबर मारत होता. कंपनीचं म्हणणं असं: ऑगस्टमध्ये त्यानं 24066661 ची प्लेट मारताना बेपर्वाईनं सहाचा पंच तीनदा उलटा धरला आणि 24099691 मारलं. ती टाकी पाणी भरून घेतलेल्या दाबाच्या टेस्टला नापास झाली, भंगारात जायची होती. पुढं डिसेंबरात खरोखरची 24099691 तयार झाली आणि पास झाली. यार्डात एकाच नंबरच्या दोन टाक्या. पाठवणाऱ्यानं प्लेट तेवढी बघितली आणि नापास टाकी पास टाकीच्या सर्टिफिकेटवर बाहेर पडली. मार्चमध्ये तुर्भ्याच्या एका टायरच्या दुकानात ती फुटली. तिथं हवा भरणाऱ्या अंकुशचा उजवा डोळा गेला. अंकुश चोवीस वर्षांचा.

नंबरचे पंच इंग्रजी आकड्यांचे असतात आणि पेटीत ते दहा नसतात, नऊच असतात. 6 फिरवला की झाला 9. हे कारखान्यात झाडूवाल्यालाही ठाऊक. म्हणून तर आरोप असा मापात बसत होता. "नक्की काय केलंय म्हनं तुमी?" तिच्या आईनं, चांगुणाबाईंनी ओट्यापासून विचारलं. "काय नाय गं," गंगाराम म्हणाला. "ठिपके हायत ना. ठिपके बघतील ते."

4

ठिपके ही गंगारामची स्वतःची रीत. जॉबकार्ड हातात आलं की तो आधी त्यावरच्या नंबरातले सगळे आकडे मिळवायचा, आलेल्या उत्तरातले पुन्हा मिळवायचा, एकच आकडा उरेपर्यंत. तेवढे ठिपके प्लेटच्या मागं, कोपऱ्यात. मग प्लेट पालथी करून नंबर. म्हणजे पुढं हात चुकला तरी कार्डावर काय होतं ते मागं लिहिलेलं. प्लेट टाकीवर बसली की ठिपके कुणाला दिसत नसत. ते त्याच्यासाठीच होते. क्रांती बेरीज शिकली ती शाळेत नाही, खराब झालेल्या प्लेटांच्या बिस्किटाच्या डब्यावर. तासन्‌तास त्या पितळेशी खेळायची.

"फुटलेल्या टाकीच्या प्लेटला किती ठिपके?" तिनं विचारलं.

"चार."

24099691. दोन, चार, शून्य, नऊ, नऊ, सहा, नऊ, एक. चाळीस. चार. बरोबर. तिनं चपला काढल्या. पाणी प्यायली. मग कंपनीचा नंबर मिळवायला घेतला, नुसती खात्री म्हणून. 24066661. एकतीस. तीन आणि एक, चार. पेला तिनं असा आपटला की चांगुणाबाई बाहेर आल्या. एक सहा उलटला असता तर ठिपके बोंबलले असते. दोन उलटले असते तरी. पण तीन? तीन सहांचे तीन नऊ, प्रत्येकी तीन वाढले, एकूण वाढले नऊ, आणि ह्या बेरजेत नऊ आला काय, गेला काय, उत्तर हलत नाही. नेमके तीन. "बाबा, ठिपक्यांचं कुणाला माहीत होतं?"

गंगाराम कानाची पाळी चोळत राहिला. दसऱ्याला हत्यारं पुसून मांडली होती. मालकांचा मुलगा इंद्रजितसाहेब आले होते, कौतुकानं विचारत होते. "मी सांगितलं त्यांना सगळं. फोटो पन काढला त्यांनी." त्याच्या आवाजात अजूनही, आत्ताही, त्या फोटोचा अभिमान होता, आणि क्रांतीला सगळ्यात जास्त राग आला तो त्याचाच.

0

फुटलेल्या टाकीची प्लेट ज्या जॉबकार्डावरून मारली ते कार्ड कंपनीनं चौकशीत हजर केलं नाही. म्हणून इथं काही नाही.

9

चौकशीची खोली म्हणजे कारखान्याचं कॅन्टीन. टेबलं पुसली होती तरी सांबाराचा वास होता. चौकशी अधिकारी हौसेराव, कंपनीनंच नेमलेले वकील. पोट सुटलेले, बोलायला गोड. मॅनेजरच्या खुर्चीत इंद्रजित. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ती प्लेट, कडेनं वाकलेली.

"मुलगी म्हणून बसा," हौसेराव क्रांतीला म्हणाले, "पण बोलायचं नाही, काय? नियम आहे."

"ऐरोलीला असतेस ना तू?" इंद्रजितनं चहा पुढं सरकवत विचारलं. "गणित केलंस म्हणे. छान. कुठल्या कोट्यातून?"

"तुम्हाला ही खुर्ची कुठल्या कोट्यातून मिळाली?"

"ताई," हौसेराव म्हणाले. "आत्ताच काय सांगितलं?"

चहाला तिनं हात लावला नाही.

इंद्रजितनं एक टाइप केलेला कागद गंगारामपुढं ठेवला. "काका, वाचून दाखवायची गरज नाही. चूक झाली, एवढंच आहे. सही करा, शाल-नारळ देऊन सन्मानानं घरी पाठवतो. कुणी पोलीस सोडत नाहीये तुमच्यावर. वय झालं, नजर गेली. होतं."

"नजरेचं काम नाय साहेब." गंगारामनं खिशातून रुमाल काढला, रुमालातून पंच. "ह्याला खाच पाडलीय मी. खाच अंगठ्याखाली आली की सहा. पलीकडं गेली की नऊ. डोळे मिटून कळतं."

"खाच आज सकाळी पाडली नसेल कशावरून?"

हौसेराव हसले. वाईट हसू नव्हतं ते; घरच्या लग्नात कुणी विनोद केल्यासारखं. क्रांती त्या पंचाकडं बघत होती. बत्तीस वर्षं झिजून गुळगुळीत झालेली खाच. बापानं रुमालाची घडी घातली, पंच आत ठेवला, आणि म्हणाला, "असंल. झाली असंल हातून."

आणि पेनाकडं हात नेला.

9

"थांबा, थांबा. आधी कागद दाखवतो," हौसेराव म्हणाले. त्यांना सगळं रीतसर हवं होतं. ऑगस्टच्या टेस्टची फाइल त्यांनी गंगारामपुढं उघडून ठेवली. छापील तक्ता, एकेका ओळीत एकेका टाकीचा नंबर, दाब, पास. त्यात एकच ओळ लाल: 24066661, नापास. "ही बघा. हाच नंबर ना?"

ती फाइल नसती तर त्या खोलीत क्रांतीनं काहीतरी फेकलं असतं. बोलायला बंदी, उठायला बंदी. ती नुसती आकडे बघत बसली, आणि बघता बघता तिचं डोकं लहानपणी करायचं तेच करू लागलं. बिस्किटाच्या डब्याजवळ, एकटी असताना करायचं ते. शेवटचा आकडा हातात घ्यायचा, त्याच्या आधीचा वजा, त्याच्या आधीचा मिळवायचा, पुन्हा वजा. असं पहिल्या आकड्यापर्यंत.

24066515. पाच वजा एक, अधिक पाच, वजा सहा, अधिक सहा, वजा शून्य, अधिक चार, वजा दोन. अकरा.

24066526. पुन्हा अकरा.

24066592. शून्य.

उत्तर कायम शून्य नाहीतर अकरा. सात वर्षांची असताना ती ह्याच्यावरून प्लेटा वेगळ्या काढायची. शून्य किंवा अकरा आले की ती प्लेट ओरखडा पडून खराब झालेली; नंबर चांगला. दुसरं काही आलं तर आकडाच चुकून मारलेला. बापाला न विचारता तिला कळायचं कुठली प्लेट कशानं मेली. एकदा तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, ते वामनकाकांचं काम, मला काय माहीत. वामनकाका म्हणजे जुने क्लार्क. नंबर कसे द्यायचे ते त्यांनी बसवलं, पुढं ते कॉम्प्युटरात गेलं, वामनकाका गावी गेले आणि तिथंच वारले. कारखान्यात आता कुणी विचारत नव्हतं की नंबर असे का येतात. स्क्रीनवर येतात म्हणून येतात.

तिनं लाल ओळ घेतली. एक वजा सहा, अधिक सहा, वजा सहा, अधिक सहा, वजा शून्य, अधिक चार, वजा दोन.

तीन उरले.

पुन्हा केलं. तीन.

बापाच्या हातात पेन होतं. टोपण निघालं होतं.

6

"हा नंबर नाहीच आहे," क्रांती म्हणाली.

"ताई."

"काय ताई ताई लावलंय? हकलायचं तर हकला. आधी मोबाईल काढा. कॅल्क्युलेटर. ह्या पानावरचा कुठलाही नंबर घ्या. लाल सोडून. भागिले अकरा."

हौसेराव खरंतर तिला बाहेर काढणार होते. पण माणसाला आकडा करून बघायला सांगितलं की बोट आपोआप जातं. त्यांनी एक नंबर घातला. बाकी नाही. दुसरा घातला. बाकी नाही. तिसरा, चौथा.

"आता लाल."

"दोन एक आठ सात आठ सात आठ पॉइंट..." हौसेराव थांबले. "दोन सात दोन सात."

"पहिले दोन आकडे साल. मधले पाच म्हणजे वर्षातली कितवी टाकी. शेवटचा आकडा मोजत नाही साहेब, राखण करतो. तो असा निवडलाय की अख्ख्या नंबराला अकरानं भाग जावा. भाग जाईल असा आकडाच सापडत नसला तर ती टाकी मोजणीत सोडून द्यायची, पुढची घ्यायची. अकराच्या पायऱ्या आहेत ह्या. 24066658, त्याच्यानंतर एकदम 24066669. मधे पाय ठेवायला जागा नाही. 61 ह्या कारखान्यात जन्मालाच आलेला नाही." तिनं इंद्रजितकडं बघितलं. "तुम्ही फुटलेल्या टाकीची प्लेट पुढ्यात घेतलीत. तीन नऊ उलटे केलेत. नेमके तीन, ठिपके जुळावेत म्हणून. नऊला फसवलंत. अकरा तुम्हाला माहीतच नव्हता."

"काहीही," इंद्रजित म्हणाला. पण तो हौसेरावांच्या मोबाईलकडं बघत होता. "टायपिंग मिस्टेक असेल. शेवटचा आकडा चुकला असेल. 69 असेल."

"असेल? चला मग. फाइल पुढं उलटा."

वाट न बघता तिनंच उलटली. दोन पानं पुढं, दोन दिवस पुढच्या तारखेला, 24066669. पास. शेरा: खोपोली, दूध डेअरी.

"ही चालू आहे खोपोलीला. मग तुर्भ्याला कोण फुटलं? आणि समजा 69च. तर बाबांनी शेवटच्या नऊचा एक कसा केला? एक कुठल्या पंचाला उलटं धरून येतो, मॅनेजरसाहेब?"

9

कॅन्टीनच्या मागं भांडी घासणाऱ्या शकुबाईंनी नळ बंद केला. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं म्हणून.

"हौसेराव, हे रेकॉर्डवर नाही येणार," इंद्रजित म्हणाला. "बाहेरच्या व्यक्तीचं बोलणं आहे. काका, सही करा, आपण घरी जाऊ. मुलीचं शिक्षण झालंय, नोकरी आहे, कशाला डोक्याला ताप?"

गंगारामनं पेन खाली ठेवलं नव्हतं. तो त्या टाइप केलेल्या कागदाकडं बघत होता. मग त्यानं कागद पालथा केला. प्लेट पालथी करतो तसाच, दोन बोटांनी.

"हा नंबर मी दोनदा मारलाय," तो म्हणाला.

"काय?" हे क्रांती.

"डिसेंबरात एकदा. जानेवारीत परत एकदा. इंद्रजितसाहेब सोता कार्ड घेऊन आले होते. म्हनले, काका, प्लेट हरवली, दुसरी द्या. मी दिली. बसवायला पन मीच गेलो." तो टेबलाशी बोलत होता. "डिसेंबरातली टाकी नव्हती ती. जुनी होती. वेल्डिंगच्या शिवनीवर खडूची फुली होती, पुसलेली. नापास टाकीला आपन फुली मारतो तशी. ओल्या फडक्यानं पुसलं की पितळेवरून जातं, पत्र्यावरून नाय जात. राहतं थोडं."

"काका, तोंड सांभाळून बोला."

"सांभाळलंच ना साहेब. सहा महिने सांभाळलं."

क्रांती उठून उभी राहिली होती. आत्तापर्यंतचा सगळा राग टेबलाच्या पलीकडं होता. आता तो फिरून तिच्या शेजारच्या खुर्चीवर आला आणि तिथं तो जास्त जोरात बसला. "तुम्हाला माहीत होतं?"

"ठाऊक होतं."

"मला आठ दिवस बेरजा करायला लावल्यात. आई रात्री झोपत नाही. आणि तुम्ही ठिपके हायत, ठिपके हायत म्हणत बसलात?"

"मला वाटलं ठिपके बोलतील." गंगारामनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "मग मला बोलायला नको."

"त्या पोराचा डोळा गेला, बाबा!"

"विचारायचं होतं मी. दुसरी प्लेट कशाला, एवढंच. चार शब्द. बत्तीस वर्षं कार्ड आलं की मारायचं, एवढंच केलं. नाय विचारलं."

मग त्यानं लिहायला घेतलं. अक्षर शाळकरी, एकेक सुटं, जणू प्रत्येक अक्षराला वेगळा पंच. नंबर लिहिला. दोन तारखा लिहिल्या. कार्ड कुणी दिलं ते लिहिलं. फुली लिहिली. इंद्रजित मधेच कागद ओढायला गेला, तर हौसेरावांनी त्यावर सहज आपला पंजा ठेवला. का ठेवला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कंपनी त्यांना फी देत होती. पण मोबाईलवर अजून तो 2727 चमकत होता आणि त्यांना तो मिटवायचा धीर होत नव्हता.

"हे माझ्यासमोर लिहिलंय," ते म्हणाले. "चौकशीच्या कागदांना जोडावं लागेल."

"तुम्हाला कुणी नेमलंय ते विसरलात का?"

"विसरलो नाही हो. पण मी भागाकार केला ना."

क्रांतीनं फाइलचं पान न्‌ पान मोबाईलमध्ये घेतलं. लाल ओळ, खोपोलीची ओळ, पालथी प्लेट, चार ठिपके. दोन फोटो हलले, ते तिनं शिव्या घालत पुन्हा काढले. शेवटी बापाचा कागद. गंगारामनं सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'मी विचारले नाही ही माझी चूक आहे.' त्याखाली सही. आणि सहीखाली, कोपऱ्यात, पेनचं टोक दाबून दाबून, चार ठिपके.

"उद्यापासून येऊ नका," इंद्रजित म्हणाला.

"पंच माझे हायत," गंगाराम म्हणाला, आणि रुमाल खिशात घातला.

1

फाटकाबाहेर ऊन नुसतं भाजत होतं, केमिकलचा तो कुजक्या बदामासारखा वास नेहमीसारखा होता, आणि क्रांती दहा पावलं पुढं चालत होती, मागं न बघता, कारण बघितलं असतं तर ती बापाला भर रस्त्यात बोल बोल बोलली असती, किंवा तिनं त्याचा हात धरला असता, आणि दोन्ही तिला नको होतं, ती जिंकली होती असं आई रात्री म्हणणार होती आणि ते ऐकायचीही तिची तयारी नव्हती, कारण अकरानं भाग गेला काय, न गेला काय, अंकुशच्या डोळ्यात त्याची बाकी तशीच राहणार होती, नाक्यावर रिक्षा थांबली, "कोपरखैरणे?" रिक्षावाल्यानं विचारलं, "नाही, तुर्भे," ती म्हणाली, "टायरवाल्यांच्या लाइनीत," आणि आत बसली, मधोमध, जराही न सरकता, गंगाराम येऊन क्षणभर उभा राहिला, कुठं चाललोय ते त्याला कळलं, त्यानं काही विचारलं नाही, मग, जणू आत्ताच काही आठवलं, त्यानं विचारलंच, "त्याला काय सांगायचं?", आणि क्रांती म्हणाली, "जे लिहिलंत ते. तोंडानं."